३४५ नंबरचं इंजिन

आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी म्हणजे शाळेत सेकंड लँग्वेज आणि घरी आईशी भांडायची भाषा. त्यामुळे मराठी विभागाच्या संपादकांनी मेसच्या दारात गाठून लेख मागितला, तेव्हा मी सबमिशनचं कारण पुढे केलं. ते काही चाललं नाही. शेवटी ऱ्हस्व-दीर्घ त्यांनी बघायचं आणि विषय माझा, या अटीवर तह झाला. माझा विषय म्हणजे इंजिन. मेकॅनिकलच्या थर्ड इयरला आम्ही चारच मुली आहोत, त्यातली ग्रीसने सर्वात जास्त माखलेली मी!

झालं असं, की मे महिन्यात गावी गेले होते. आबांच्या (म्हणजे माझ्या आजोबांच्या) मळ्यात विहिरीजवळ एक पत्र्याची शेड आहे. तिथे कडब्याच्या मागे एक जुनं डिझेल इंजिन पडून होतं. एकच सिलिंडर, दोन बाजूंना दोन जाडजूड फ्लायव्हील आणि हँडल मारून चालू करायचं. विहिरीवर विजेची मोटर बसली तेव्हापासून त्याला कुणी हात लावलेला नव्हता. काका म्हणाले, भंगारवाला येणार आहे, किलोवर देऊन टाकू. का कोण जाणे, माझ्या पोटात कालवलं. वर्षभर वर्गात ज्याचे पी-व्ही डायग्राम काढले, ते प्रत्यक्ष असं समोर बसलेलं आणि ते किलोवर जाणार? मी काकांकडून दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली. आबा नुसतेच हसले.

हॉस्टेलवर परतल्यावर जुनी इंजिनं दुरुस्त कशी करतात ते शोधायला लागले. तेव्हा कळलं, की इंग्लंड-अमेरिकेत हा चक्क लोकांचा छंद आहे. आपल्याकडे कुणी नाणी जमवतं, कुणी तिकिटं, तसे तिथले लोक शेतावरची जुनी इंजिनं जमवतात. गंज काढतात, रिंगा बदलतात, मूळचा रंग शोधून तोच देतात आणि जत्रेत नेऊन चालवून दाखवतात. अमेरिकेत आयोवा राज्यात माउंट प्लेझंट नावाच्या गावी १९५० साली जुन्या मळणीवाल्यांचा असा मेळा सुरू झाला, त्याचं नाव आजही मोठं आहे. या लोकांचं एक लाडकं इंजिन म्हणजे हिट अँड मिस. वेग पुरेसा झाला की त्याचा गव्हर्नर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडाच धरून ठेवतो. मग इंधन आत जात नाही, इंजिन नुसत्या फ्लायव्हीलच्या जोरावर फिरत राहतं. वेग कमी झाला की पुन्हा एकदा ठोका पडतो. एक ठोका, मग नुसतं फुस्स फुस्स, मग पुन्हा एक ठोका. शंभर वर्षांपूर्वीचं इंधन वाचवायचं तंत्र!

हे सगळं वाचताना एका माणसाची गोष्ट हाती लागली. या छंदात आजवर पडलेल्यांतला बहुधा सर्वात श्रीमंत माणूस तोच असावा. नाव तुम्हाला पाठ आहे, कारण आय.ई.च्या पेपरात असेंब्ली लाइनवर प्रश्न आला की पहिल्या ओळीत आपण तेच लिहितो. हेन्री फोर्ड. पण एका जुन्या शेतीइंजिनासाठी याने काय काय केलं ते कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही. ते सांगण्यासाठी त्याचं आयुष्य सुरुवातीपासून सांगायला हवं.

हेन्रीचा जन्म ३० जुलै १८६३ चा. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात, आज जिथे डिअरबॉर्न शहर आहे त्या भागातल्या एका शेतावर. वडील विल्यम फोर्ड आयर्लंडमधल्या कॉर्क परगण्यातून आलेले शेतकरी. आई मेरी. घरी खाऊनपिऊन सुखी. पण या पोराला शेतातल्या कामाचा मनापासून कंटाळा. हातात घड्याळ आलं की मात्र तो खूश. उघडायचं, सगळी चक्रं मांडायची आणि पुन्हा जोडायचं. आजूबाजूच्या शेजाऱ्यांची घड्याळं तो दुरुस्त करून द्यायचा.

१८७६ साल त्याच्या आयुष्यात दोन गोष्टी घेऊन आलं. मार्चमध्ये बाळंतपणात आई गेली. हेन्री तेव्हा बारा वर्षांचा होता. आणि त्याच वर्षी जुलैमध्ये वडिलांबरोबर घोडागाडीतून डेट्रॉइटला जाताना समोरून एक अजब वाहन आलं. वाफेचं इंजिन, पण घोड्यांशिवाय आपल्या आपण रस्त्यावरून चालणारं! निकोल्स अँड शेपर्ड कंपनीचं ते इंजिन मळणीसाठी या शेतावरून त्या शेतावर निघालं होतं. इंजिनवाल्याने गाडीला वाट द्यायला म्हणून ते थांबवलं, आणि वडिलांना कळायच्या आत हेन्री खाली उडी मारून त्याच्याशी बोलायला लागला. ते मिनिटाला दोनशे फेरे घेतं, हे त्याला म्हातारपणीसुद्धा आठवत होतं. आपल्याला वायवाच्या आदल्या रात्री पाठ केलेले आर.पी.एम. दुसऱ्या दिवशी आठवत नाहीत!

सोळाव्या वर्षी, १८७९ च्या डिसेंबरात, हेन्रीने डेट्रॉइट गाठलं. एका मशीन शॉपमध्ये आठवड्याला अडीच डॉलरवर उमेदवारी सुरू केली. राहण्या-जेवण्याचा खर्च आठवड्याला साडेतीन डॉलर. आता हे गणित कसं बसायचं? रात्री एका घड्याळवाल्याकडे बसून दुरुस्तीची कामं केली, तेव्हा ते बसलं. पुढे जहाजांच्या इंजिनांचं काम करणाऱ्या ड्राय डॉक कंपनीत शिकला. कॉलेज नाही, डिग्री नाही. जे काही आलं ते हाताला आलं.

१८८२ मध्ये तो शेतावर परत आला आणि आपल्या गोष्टीतलं खरं पात्र आलं. शेजारी जॉन ग्लिसन नावाचे शेतकरी होते. त्यांनी वेस्टिंगहाउस कंपनीचं एक लहानसं वाफेचं इंजिन विकत घेतलं. एका जागी उभं करायचं, फ्लायव्हीलवरून पट्टा टाकायचा आणि त्यावर मळणी करायची, मका भरडायचा, लाकडं कापायची. एका शेतावरचं काम संपलं की पुढच्या शेतावर. पण चालवायला ठेवलेल्या माणसाला काही ते जमेना. ग्लिसननी एकोणीस वर्षांच्या हेन्रीला बोलावलं. बॉयलरचं काम, चुकलं तर जिवाशी खेळ. पहिल्यांदा त्यालाही भीती वाटली, असं तो स्वतःच पुढे सांगायचा. पण संध्याकाळपर्यंत इंजिन त्याच्या हाताखाली आलं. त्या हंगामात त्याने रोज तीन डॉलरवर ८३ दिवस ते इंजिन चालवलं. त्याचं काम पाहून वेस्टिंगहाउसने त्याला आपली इंजिनं शेतकऱ्यांना चालवून दाखवायला आणि दुरुस्त करायला नेमलं.

त्या इंजिनाचा नंबर होता ३४५. तो लक्षात ठेवा.

१८८८ मध्ये क्लारा ब्रायंटशी लग्न झालं. वडिलांनी ऐंशी एकर जमीन देऊ केली, मुलगा शेतीत रमेल या आशेने. मुलाने त्यावरची झाडं कापून विकली आणि १८९१ मध्ये बायकोला घेऊन पुन्हा डेट्रॉइट गाठलं! एडिसनच्या नावाने चालणाऱ्या वीज कंपनीत इंजिनिअरची नोकरी धरली आणि दोनच वर्षांत तो चीफ इंजिनिअर झाला. नोकरी सांभाळून घरी पेट्रोलच्या इंजिनाचा उद्योग चालूच.

१८९३ च्या नाताळच्या आदल्या रात्रीचा प्रसंग मला फार आवडतो. क्लारा दुसऱ्या दिवशीच्या जेवणाच्या तयारीत. सात आठवड्यांचा एड्सेल शेजारच्या खोलीत झोपलेला. हेन्री आपलं पहिलं इंजिन घेऊन स्वयंपाकघरात आला आणि ते त्याने सिंकला आवळून बसवलं. सिलिंडर म्हणजे भंगारातल्या पाइपचा तुकडा. फ्लायव्हील म्हणजे लेथचं जुनं चाक. ठिणगीसाठी घरातल्या दिव्याची वीज. आणि कार्ब्युरेटर? कार्ब्युरेटर म्हणजे क्लारा! तिने इनटेकमध्ये थेंब थेंब पेट्रोल सोडायचं आणि त्याने फ्लायव्हील फिरवायचं. सिंक हादरलं, धूर झाला, इंजिन चाललं. आमच्या रेक्टर मॅडम हीटरसुद्धा खोलीत ठेवू देत नाहीत, त्यामुळे क्लाराबद्दल मला अतोनात आदर आहे.

४ जून १८९६ च्या पहाटे त्याची पहिली गाडी तयार झाली, सायकलच्या चाकांची, चार हॉर्सपॉवरची. बाहेर काढायला गेला तर शेडचं दार अरुंद! मग कुऱ्हाड घेऊन भिंतीच्या विटा पाडल्या आणि गाडी काढली. एवढा मोठा माणूस, पण क्लिअरन्स बघायला विसरला. ड्रॉइंगच्या जर्नलवर लाल शेरे मिळवणाऱ्या सर्वांना यातून धीर यावा. ती गाडी त्याने दोनशे डॉलरला विकली आणि काही वर्षांनी पासष्ट डॉलरला परत विकत घेतली. जुनं यंत्र शोधून परत घ्यायची सवय तेव्हापासूनची.

के.टी. त्यालाही लागल्या. १८९९ मध्ये काढलेली पहिली कंपनी दीडेक वर्षात बुडाली. दुसऱ्या कंपनीत भागीदारांशी पटलं नाही म्हणून तो चारपाच महिन्यांत बाहेर पडला. (ती कंपनी पुढे कॅडिलॅक झाली!) १६ जून १९०३ ला तिसरी, म्हणजे आजची फोर्ड मोटर कंपनी, उभी राहिली तेव्हा तो चाळिशीला आलेला होता. आपल्याला एकविसाव्या वर्षी कॅम्पसमध्ये नाही लागली, की जग बुडाल्यासारखं वाटतं.

१ ऑक्टोबर १९०८ ला मॉडेल टी आली. वीस हॉर्सपॉवर, किंमत ८५० डॉलर, खड्ड्याखळग्यांच्या रस्त्यांसाठी उंच केलेली. ही गाडी त्याने मनात शेतकरी ठेवूनच बनवली होती. शेतकऱ्यांनी तर कमालच केली. गाडी जॅकवर चढवायची, मागच्या चाकाला पट्टा लावायचा आणि त्यावर लाकडं कापायची, पाणी उपसायचं. म्हणजे रविवारी चर्चला नेणारी गाडी सोमवारी शेतावरचं इंजिन!

मागणी इतकी वाढली, की जुन्या पद्धतीने गाड्या पुरेनात. १९१३ मध्ये हायलँड पार्कच्या कारखान्यात त्याच्या माणसांनी मॅग्नेटोपासून सुरुवात केली. एक कामगार पूर्ण मॅग्नेटो जोडायचा त्याला वीस मिनिटं लागायची. तेच काम २९ जणांत वाटून वस्तू त्यांच्यासमोरून सरकवली, तर तेरा मिनिटांवर आलं. पुढे सुधारत सुधारत पाच मिनिटांवर. मग सगळी चासीच सरकत्या लाइनवर घेतली. साडेबारा तासांचं काम ९३ मिनिटांत व्हायला लागलं. गाडीची किंमत उतरत उतरत २६० डॉलरपर्यंत आली आणि १९२७ पर्यंत दीड कोटी मॉडेल टी रस्त्यावर आल्या.

इथपर्यंत आपल्या पुस्तकात आहे. पुढचं नसतं.

दिवसभर एकच नट आवळायचं काम माणसाला सोसत नाही. लोक येत आणि सोडून जात. १९१३ मध्ये सुमारे चौदा हजार माणसं कामावर टिकावी म्हणून वर्षभरात बावन्न हजारांची भरती करावी लागली. जानेवारी १९१४ मध्ये फोर्डने दिवसाचा पगार एकदम पाच डॉलर केला, जवळजवळ दुप्पट, आणि नऊ तासांऐवजी आठ तास केले. जगभर वाहवा झाली. पण त्या पाच डॉलरला अटी होत्या. कंपनीची माणसं कामगारांच्या घरी जाऊन बघत, दारू पितो का, घर स्वच्छ ठेवतो का, पैसे साठवतो का. आणि कारखान्याच्या दारात कामगाराची ओळख म्हणजे छातीवरचा बिल्ला, त्यावर एक नंबर.

आता परत ३४५ नंबरकडे येऊ. नेमका याच सुमारास, म्हणजे मॉडेल टीचा पैसा पाण्यासारखा वाहत असताना, फोर्डला आपलं तरुणपणीचं इंजिन आठवलं. तीस वर्षं होऊन गेली होती. पण नंबर डोक्यात पक्का. त्याने माणसं कामाला लावली. इंजिन दूर पेन्सिल्व्हेनिया राज्यात जाऊन पोचलं होतं, मोडक्या अवस्थेत. फोर्डने ते विकत घेतलं, डिअरबॉर्नला आणलं, नव्यासारखं केलं. आणि नुसतं रंगवून काचेत ठेवलं नाही. साठीच्या सुमारास स्वतः उभा राहून त्याने त्याच्यावर पुन्हा मळणी केली. जगातल्या सर्वात श्रीमंत माणसांपैकी एक, अंगावर भुसा उडतोय आणि डोळे प्रेशर गेजवर. हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि मला आमची शेड आठवली.

गंमत बघा. १९१७ पासून फोर्डनेच स्वस्त फोर्डसन ट्रॅक्टर लाखांच्या संख्येने शेतावर उतरवले होते. ३४५ च्या भाऊबंदांना भंगारात पाठवणाऱ्यांत हाच पुढे, आणि त्यातलं एक वाचवायला धावलाही हाच.

१९१६ मध्ये एका वर्तमानपत्राशी बोलताना त्याने इतिहास हा निरुपयोगी विषय असल्याचं बेधडक सांगितलं होतं. त्याच वर्षी शिकागो ट्रिब्यूनने त्याला अराजकवादी म्हटलं म्हणून त्याने अब्रुनुकसानीचा दावा लावला. १९१९ मध्ये तो उभा राहिला तेव्हा समोरच्या वकिलाने त्याची इतिहासाची अक्षरशः वायवा घेतली. अमेरिकन क्रांती कधी झाली, तर याचं उत्तर १८१२! खटला तो जिंकला, पण भरपाई मिळाली फक्त सहा सेंट आणि देशभर हसं झालं. त्यातून त्याने मनाशी ठरवलं, की राजे आणि लढाया नव्हे, तर सामान्य माणूस कसा जगला, कशाने नांगरलं, कशाने शिवलं, ते दाखवणारं म्युझियम आपण बांधायचं.

सुरुवात घरापासून झाली. त्याच १९१९ साली रस्त्याच्या कामात जन्मघर जाणार होतं. त्याने ते उचलून बाजूला नेलं आणि १८७६ मध्ये, म्हणजे आई गेली तेव्हा, जसं होतं तसं करायला घेतलं. आईची शेगडी ज्या मॉडेलची होती, अगदी तेच मॉडेल मिळेपर्यंत शोध. घराभोवतीची जमीन खणून जुन्या बशांचे तुकडे काढले आणि त्यावरून तशाच बशा बनवून घेतल्या.

मग तर वेडच लागलं. इंग्लंडमध्ये हर्बर्ट मॉर्टन नावाचा इंजिनिअर त्याच्यासाठी जुनी वाफेची इंजिनं शोधत फिरायचा. लँकशायरमध्ये खाणीतलं पाणी उपसणारं १७६० च्या सुमाराचं न्यूकोमेन पद्धतीचं एक इंजिन उघड्यावर गंजत पडलं होतं. लोकांनी त्याचं नाव ठेवलं होतं फेअरबॉटम बॉब्ज. तेही समुद्र ओलांडून डिअरबॉर्नला आलं. २१ ऑक्टोबर १९२९ ला, विजेच्या दिव्याला पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, या म्युझियमचं आणि शेजारच्या ग्रीनफिल्ड व्हिलेजचं उद्घाटन झालं. राष्ट्राध्यक्ष हूवर आले होते, मादाम क्युरी आल्या होत्या. मेन्लो पार्कची एडिसनची प्रयोगशाळा तिथे पुन्हा उभी केली होती, आवारातली माती न्यू जर्सीहून आणून! ती पाहून म्हाताऱ्या एडिसनने एकच खोट काढली, की जमीन एवढी स्वच्छ कधीच नव्हती.

या संग्रहात आपल्या देशातलीही एक वस्तू आहे. १९४१ मध्ये फोर्डने गांधीजींना पत्र लिहिलं. गांधीजींनी त्याला आपल्या सहीचा चरखा पाठवला आणि १९४२ मध्ये तो डिअरबॉर्नला पोचला. जगातली सर्वात मोठी यंत्रं बनवणाऱ्याकडे जगातलं सर्वात साधं यंत्र. युद्ध पेटलेलं असताना या दोन म्हाताऱ्यांनी अशी देवाणघेवाण केली, याचं मला नवल वाटतं.

इथे लेख संपवला असता तर बरं वाटलं असतं. पण लेख लिहायचा तर पूर्ण लिहावा. १९२० पासून फोर्डच्या मालकीच्या वर्तमानपत्राने ज्यू लोकांविरुद्ध विष ओकणारी लेखमाला चालवली. १९२७ मध्ये त्याने जाहीर माफी मागितली, पण तोवर ते लेख पुस्तकरूपाने युरोपभर गेले होते. १९३८ मध्ये पंच्याहत्तराव्या वाढदिवशी त्याने हिटलरच्या सरकारचा मोठा किताब स्वीकारला. मार्च १९३२ मध्ये मंदीत बेकार झालेले कामगार त्याच्या रूज कारखान्यावर मोर्चा घेऊन गेले. गोळीबार झाला, चौघे जागीच गेले आणि पाचवा नंतर. मे १९३७ मध्ये युनियनची पत्रकं वाटायला आलेल्यांना कंपनीच्या माणसांनी पुलावर गाठून रक्तबंबाळ केलं. युनियनशी करार व्हायला १९४१ साल उजाडलं.

आणि एड्सेल. नाताळच्या त्या रात्री शेजारच्या खोलीत झोपलेलं बाळ. १९१९ पासून तो कंपनीचा अध्यक्ष होता, पण नावापुरताच. शेवटचा शब्द बापाचा. एड्सेलच्या मनात सहा सिलिंडरचं इंजिन होतं, हेन्रीला ते पसंत नव्हतं. भंगार वाहून नेणारा नवा कन्व्हेअर बघायला म्हणून हेन्रीने इंजिनिअरला बोलावलं, आणि त्यावरून पहिल्यांदा गेलं ते एड्सेलचं नवं इंजिन, असा किस्सा सांगतात. १९४३ मध्ये पोटाच्या कॅन्सरने एड्सेल गेला, एकोणपन्नासाव्या वर्षी. बापाला मग पुन्हा खुर्चीत बसावं लागलं, पण आता त्याच्यात काही राहिलं नव्हतं.

हे वाचल्यावर मी दोन दिवस लेख बाजूला ठेवला होता. दुसऱ्याचं गंजलेलं इंजिन तीस वर्षांनी शोधून काढणारा माणूस, आपल्या मुलाचं नवं कोरं इंजिन भंगारात घालतो? आईच्या बशांसाठी जमीन खणणारा माणूस, दारातल्या कामगारांवर माणसं सोडतो? यंत्राचा नंबर त्याने जन्मभर लक्षात ठेवला. माणसांना मात्र नंबर दिले. मला वाटतं त्याचं खरं दुःख इथे आहे. गेलेलं यंत्र परत मिळतं. पार्ट शोधा, रिंगा बदला, पुन्हा ठोका पडतो. माणसाचं तसं नाही. आणि ज्याच्या हाताला यंत्राची इतकी समज होती, त्याला हे उमगलं नाही. किंवा उशिरा उमगलं असेल.

७ एप्रिल १९४७ च्या रात्री फोर्ड गेला, वयाच्या ८३ व्या वर्षी. त्या दिवसांत रूज नदीला पूर आला होता आणि त्याच्या बंगल्याचं स्वतःचं वीजघर पाण्यामुळे बंद पडलं होतं. घरात मेणबत्त्या आणि रॉकेलचे दिवे लावलेले. एडिसनचा मित्र, वीज कंपनीचा एकेकाळचा चीफ इंजिनिअर, दीड कोटी मोटारी बनवणारा माणूस गेला तो अशा उजेडात, जसा उजेड त्याच्या जन्माच्या वेळी शेतावरच्या घरात असणार. क्लारा जवळ होती.

३४५ नंबरचं इंजिन त्याच्या म्युझियममध्ये आहे. नाताळच्या रात्रीचं ते सिंकवरचं इंजिनही तिथेच आहे.

आता आमच्या इंजिनाचं. दिवाळीच्या सुट्टीत हॉस्टेलमधल्या दोन मैत्रिणींना गावी घेऊन गेले. पिस्टन पार जाम होता. हेड उघडून वरून डिझेल ओतलं आणि तीन दिवस तसंच मुरू दिलं. मग लाकडी ठोकळा ठेवून हलक्या हाताने ठोकलं. चौथ्या दिवशी फ्लायव्हील बोटभर हललं, तेव्हा आम्ही तिघी एवढ्या ओरडल्या की काकी धावत बाहेर आल्या. अजून ते चालू झालेलं नाही. नोझल तपासून आणायचं आहे, एक रिंग तुटली आहे. पण भंगारवाल्याला काकांनी स्वतःच परत पाठवलं.

आणखी एक सांगायचं राहिलं. पहिल्याच दिवशी इंजिनवरची पितळी पट्टी घासून त्यावरचा नंबर मी वहीत उतरवला होता. फोर्डसारखाच! हा लेख लिहायला बसले तेव्हा ती वही उघडली आणि एकदम लक्षात आलं, की हे इंजिन चालवायचं कोण, ते मला माहीतच नाही. आबा तर दिवसभर साखर कारखान्यात कामाला असायचे. म्हणून आबांना फोन केला. ते बराच वेळ बोलत होते. मळ्यातले एक गडी होते, अठरा वर्षं त्यांनीच ते चालवलं. थंडीत हँडल मारण्याआधी ते इंजिनाच्या पाया पडायचे. एकदा हँडल उलटं फिरून त्यांचं मनगट मोडलं होतं. आता ते नाहीत, पण त्यांची मुलगी शेजारच्या गावात असते.

आबांनी त्यांचं नाव सांगितलं. वहीत नंबरच्या वर आता ते नाव लिहिलं आहे. इंजिन चालू होईल त्या दिवशी त्यांच्या मुलीला बोलवायचं आणि पहिलं हँडल तिला मारायला द्यायचं, असं आम्ही ठरवलंय.